अंतरपाटाच्या कडेला : किनारपट्टीवरच्या लग्नांचे छायाचित्रण

बुरोंडीसारख्या गावात लग्नाच्या फोटोंची बोलणी वधूवर क्वचितच करतात. मुलीचा काका, मुलाचा मुंबईतला थोरला भाऊ किंवा वाडीतले एखादे जाणते माणूस दापोलीला स्टुडिओत येते, तारीख सांगते, फोटो-व्हिडिओ-अल्बम मिळून किती एवढे विचारते आणि विसार देऊन जाते. ज्या दोघांचे फोटो काढायचे ती दोघे फोटोग्राफरला पहिल्यांदा दिसतात ती हळदीला, आणि तीही बहुधा वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या गावांत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मांडवात समोरासमोर उभी राहतात, मध्ये अंतरपाट असतो, आणि तिथून पुढच्या तीन-चार तासांत त्यांच्यातली जवळीक फोटोत दिसावी अशी सगळ्यांची अपेक्षा असते. फोटोग्राफरची त्यांच्याशी ओळख नसते. त्यांची एकमेकांशी ओळखही साखरपुड्यानंतरच्या फोनवरच्या गप्पांएवढीच असू शकते. जोडप्याबरोबर कसे काम करावे, हा प्रश्न इथून सुरू होतो.

बुरोंडी हे दापोली तालुक्यातले मासेमारीचे गाव. उत्तरेला लाडघर, दक्षिणेला कोळथरे, मागे डोंगर आणि पुढे थेट अरबी समुद्र. अर्धगोल पृथ्वीवर उभ्या असलेल्या परशुरामाच्या भव्य पुतळ्यामुळे आता गाव पर्यटकांच्या यादीतही आले आहे. पण इथल्या लग्नांचे वेळापत्रक ठरवतात ते पंचांग, समुद्र आणि मुंबई. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. तुळशीचे लग्न लागले की हंगाम उघडतो आणि खरी गर्दी एप्रिल-मे महिन्यांत होते, कारण शाळांना सुट्टी असते आणि चाकरमानी गावाला येतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, पण तोवर पाऊसही दाराशी आलेला असतो. त्यामुळे मे महिन्यातल्या एखाद्या चांगल्या मुहूर्ताला एकाच पंचक्रोशीत चार मांडव पडतात आणि फोटोग्राफर एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळतो. ‘जोडप्याला वेळ द्या’ हा सल्ला कागदावर सोपा दिसतो. इथे वेळ हीच सर्वांत महाग वस्तू आहे.

लग्नाच्या अल्बमच्या मध्यभागी जोडपे असते, ही समजूत अलीकडची. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची जाहीर घोषणा झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत मुंबईत छायाचित्रणाचा छंद इतका रुजला की १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची नावे या सुरुवातीच्या मंडळींत येतात. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत व्यवसाय म्हणून स्टुडिओ चालवला. त्या काळात लग्नसमारंभाचे फोटो काढणे जवळजवळ अशक्यच होते. काच-पट्टीवर एक चित्र उमटायला लागणारा वेळ, अवजड कॅमेरा, अंधारी घरे आणि हलणारी माणसे, यांतले एकही सोयीचे नव्हते. म्हणून लग्न होऊन गेल्यावर जोडपे सवडीने स्टुडिओत जाई. रंगवलेल्या पडद्यावर खांब किंवा बाग, बाजूला उंच टेबलावर फुलदाणी, नवरा खुर्चीत बसलेला आणि बायको त्याच्या बाजूला उभी. हसू नाही, स्पर्श नाही, नजर थेट भिंगात. कोकणातल्या जुन्या घरांत माजघराच्या भिंतीवर असा एखादा फोटो अजून दिसतो, आणि पिवळट कागदावरचा तो गंभीरपणा पाहून नातवंडांना हसू येते. हलले तर फोटो बिघडेल, ही त्या गंभीरपणामागची साधी भीती होती. पुढे ती रीतच होऊन बसली.

फोटोग्राफर मांडवात आला तो रोलच्या जमान्यात. १२० नंबरच्या फिल्मवर चौकोनी बारा चित्रे येत. एका लग्नाला दोन, फार तर तीन रोल. म्हणजे सबंध लग्न चोवीस किंवा छत्तीस क्षणांत बसवायचे. कोणते क्षण, हे फोटोग्राफरला पाठ असे: अक्षता, हार, मंगळसूत्र, सप्तपदी, आणि मग गट. वरपक्ष, वधूपक्ष, मामा-मामी, करवल्या, ऑफिसची मंडळी. त्यात नवरा-नवरी दोघेच असलेले चित्र एखादेच. बाकी सगळीकडे ती इतरांच्या मध्ये उभी. नंतर छत्तीस चित्रांची रंगीत फिल्म आली, १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि तिच्याबरोबर डोळे दिपवणारा हॅलोजन दिवा धरून चालणारा लाईटवालाही आला. डिजिटल कॅमेऱ्याने मोजमापच मोडले. २००८ साली फोटोच्या कॅमेऱ्यातच उत्तम व्हिडिओ घेता येऊ लागला, पार्श्वभूमी धूसर करून फक्त दोन चेहरे उठवणारे चित्रण स्वस्त झाले, आणि ‘कँडिड’, ‘प्री-वेडिंग’, ‘सिनेमॅटिक’ हे शब्द दापोलीच्या बाजारपेठेतल्या पाट्यांवर आले. आज एका लग्नातून तीन-चार हजार चित्रे सहज निघतात. जोडपे मध्यभागी आले ते या बदलात.

पण आधीचा अल्बम गेला नाही. तो नव्याच्या पोटात आहे, आणि फोटोग्राफरची खरी कसोटी तिथे लागते. गटाचा फोटो हा शहरी कँडिडवाल्याला कंटाळवाणा वाटतो. गावात तो साक्षीपुराव्यासारखा असतो. लग्नाला कोण उभे राहिले आणि कोण राहिले नाही, याला या किनाऱ्यावर जुने महत्त्व आहे. बुरोंडीच्या उत्तरेला असलेल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. ज्या समाजात लग्नाला येणे म्हणजे मान्यता देणे, तिथे स्टेजवरची रांग हा केवळ शिष्टाचार नसतो. आहेराचे पाकीट देतानाचा प्रत्येक फोटो घ्यावा लागतो तोही म्हणूनच. ती एका अर्थाने पोचपावती असते. एखाद्या वाडीतल्या माणसाचा फोटो अल्बमात आला नाही तर तक्रार काकाकडे जाते, काकाकडून फोटोग्राफरकडे, आणि शेवटच्या हप्त्याचे पैसे अडतात. म्हणून अनुभवी माणूस दोन अल्बम डोक्यात ठेवून काम करतो. एक कुटुंबाचा, एक जोडप्याचा. दोन्ही एकाच दिवशी, बहुधा एकाच कॅमेऱ्याने.

यासाठी पहिली भेट विसाराच्या दिवशी घेऊन भागत नाही. लग्नाआधी एकदा वधूशी आणि एकदा वराशी बोलणे व्हायला हवे, फोनवर का होईना. विचारायचे असते ते कॅमेऱ्याबद्दल नसते. घरात आजी-आजोबा आहेत का, त्यांना किती वेळ बसवते? कुठला भाऊ बोटीवर किंवा परदेशात आहे, त्याला काय पाठवायचे? कोणाचे कोणाशी बोलणे नाही? दोन चुलत्यांचा जमिनीवरून वाद चालू असेल तर त्यांना एका ओळीत उभे करणारा फोटोग्राफर नकळत तमाशा घडवतो. आणि सर्वांत नाजूक प्रश्न: आई किंवा वडील नाहीत असे घर आहे का? वडील गेलेल्या घरात हळदीच्या वेळी विधवा आई बाजूला राहते किंवा ठेवली जाते. बायका पुढे होऊन हळद लावतात, आई स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. रीतीभातींत ढवळाढवळ करणे हे फोटोग्राफरचे काम नव्हे. पण ही गोष्ट आधी माहीत असेल तर हळद आटोपल्यावर, गर्दी पांगल्यावर, आई आणि मुलगी यांचा एक फोटो मागच्या पडवीत घेता येतो. तो मागावा असे मुलीला त्या दिवशी सुचत नाही, सुचले तरी तोंडातून निघत नाही. अल्बम आल्यावर घरातले सगळे पहिल्यांदा त्याच पानावर थांबतात, असे हा व्यवसाय करणारे बरेच जण सांगतील.

भेटीत आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे फोटोग्राफर कोणाचा. मुलीकडचा फोटोग्राफर आणि मुलाकडचा फोटोग्राफर असे दोघे एकाच मांडवात असणे कोकणात नेहमीचे. दोघांचे व्हिडिओवाले, दोघांचे मदतनीस मिळून सहा-आठ माणसे अंतरपाटाभोवती कडे करतात आणि मागे बसलेल्या वऱ्हाडाला त्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. सकाळी मांडवात आल्या आल्या दोन्ही बाजूंच्या फोटोग्राफरांनी कोण कुठे उभे राहणार हे ठरवून घेतले तर निम्मी भांडणे टळतात. हाकांचेही तसेच. वधूला ‘ताई’ आणि वराला ‘दादा’ म्हटले की दोन्हीकडे चालते. मुलाकडच्या फोटोग्राफरने उत्साहात तिला सकाळीच ‘वहिनी’ म्हटले, तर करवल्या त्याला दिवसभर सोडत नाहीत.

मग दिवस आणि प्रकाश. बुरोंडीच्या अक्षांशावर १० मेच्या आसपास सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेतली मुले त्याची गंमत पाहतात. फोटोग्राफरच्या दृष्टीने ही आपत्ती असते, कारण हंगामाचा भर नेमका याच दिवसांत आणि मुहूर्त नेमके याच वेळेला. उघड्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली काळी रेघ, मुंडावळ्यांची सावली गालांवर. मांडवाने ऊन अडते, पण मांडवाचे कापड आपला रंग खाली सांडते. लाल-पिवळ्या कापडाखाली हळद लागलेले चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात आणि पांढरे उपरणे केशरी होते. झावळ्यांचा जुना मांडव या बाबतीत फार शहाणा होता. त्याच्या फटींतून कवडसे पडत खरे, पण रंग खोटा होत नसे. यावर उपाय साधे आहेत. वधूची तयारी सकाळी नऊच्या आत, पूर्वेच्या खिडकीजवळ किंवा ओटीवर टिपायची. दोघांचे फोटो दुपारी काढायचा हट्ट धरायचा नाही. मांडवात फ्लॅश छताच्या रंगीत कापडावर मारायचा नाही. गोरज मुहूर्त निघाला, तर फोटोग्राफरने गुरुजींना मनातल्या मनात नमस्कार करावा.

विधींच्या वेळी जोडप्याला सूचना द्यायच्या नसतात. हे तत्त्व कोणीही मान्य करतो, पाळतात मात्र थोडे. ‘गुरुजी, जरा थांबा’, ‘हार परत एकदा घाला’, ‘दादा, इकडे बघा’ या तीन वाक्यांनी कितीतरी लग्नांची लय मोडली आहे. हार परत घातला की तो हार घालण्याचा अभिनय होतो आणि चेहऱ्यावर ते लपत नाही. त्याऐवजी विधींचा क्रम आणि लय पाठ असणे हेच खरे हत्यार. सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टका, हार, कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, झाल. हा क्रम ज्ञातीनुसार आणि घरानुसार थोडा इकडेतिकडे होतो, आणि पुष्कळ कुणबी वा मासेमार घरांत काही विधी गळतात, काही वेगळे येतात. म्हणून सकाळी दोन मिनिटे गुरुजींपाशी बसून आज काय काय होणार हे विचारणे शहाणपणाचे. विचारलेले गुरुजींनाही आवडते. मग तेच मंगळसूत्राच्या वेळी हळूच बाजूला सरकतात.

अंतरपाटाचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. वधू आणि वर समोरासमोर, प्रत्येकाच्या मागे मामा, मध्ये दोन माणसांनी ताणून धरलेले पांढरे वस्त्र, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक. कोणी नातलग मावशी ध्वनिक्षेपकावर घरी रचलेले मंगलाष्टक म्हणते, त्यात दोन्ही घरांतल्या सगळ्यांची नावे ओवलेली असतात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ आले की अक्षता पडतात. अक्षतांचा पाऊस हवा असेल तर ‘सावधान’च्या आधी अर्धा श्वास बोट बटणावर असले पाहिजे. पाचसहा कडवी मिळतात, म्हणजे पाचसहा संधी. अंतरपाट मात्र एकदाच दूर होतो. एक-दोन सेकंद. त्या सेकंदांत तिची नजर वर येते किंवा येत नाही, त्याला हसू येते किंवा तो हार शोधू लागतो, आणि वाजंत्री एकदम सुरू होते. एकटा फोटोग्राफर दोन्ही चेहरे समोरून घेऊ शकत नाही. पटाच्या कडेला, दोघांची बाजू दिसेल असे उभे राहिले तर दोघे एका चित्रात येतात, पण डोळे अर्धेच दिसतात. एकाच्या मागे गेले तर दुसऱ्याचा चेहरा पूर्ण मिळतो. निवड आधीच करावी लागते. मुलीकडच्याने वधूचा चेहरा आणि मुलाकडच्याने वराचा घ्यायचा, आणि नंतर चित्रांची अदलाबदल करायची, असा समजूतदारपणा दोन फोटोग्राफरांत असेल तर दोन्ही घरांचा फायदा होतो. हा समजूतदारपणा वाटतो तितका दुर्मीळ नाही. एकाच तालुक्यात धंदा करणाऱ्यांना पुढच्या मुहूर्तावर परत एकमेकांसमोर उभे राहायचे असते.

मंगळसूत्राच्या वेळी अडचण उलटी. वर पुढे झुकतो, त्याची पाठ कॅमेऱ्याकडे येते, बायका मदतीला धावतात आणि वधूचा चेहरा हातांच्या जंगलात हरवतो. इथे खाली बसून, वधूच्या डाव्या-उजव्या खांद्याकडून वर पाहणे बहुधा उपयोगी पडते. सप्तपदीत पाय हवे असतात, चेहरे नव्हे, आणि होमाचा धूर असल्याने फ्लॅश मारला की पांढरा पडदा तयार होतो.

किनाऱ्यावरची सगळी लग्ने अशीच नसतात, आणि पाठ केलेला क्रम सगळीकडे लावणाऱ्याची फजिती होते. कोकणी मुस्लिम कुटुंबांत निकाहाच्या वेळी पुरुष आणि बायका वेगळ्या बसतात. संमती दोघांकडून वेगवेगळी घेतली जाते, त्यामुळे जोडप्याचा एकत्र क्षण निकाहात नसतोच, तो नंतर येतो. बायकांच्या बाजूला फोटो घ्यायचे की नाही, घेतले तर कोणी घ्यायचे आणि ते कोणाला दाखवायचे, हे आधी स्पष्ट विचारावे लागते. बाईच फोटोग्राफर हवी अशी मागणी आता बऱ्याच घरांतून येते, आणि ज्या स्टुडिओत कॅमेरा हाताळणारी मुलगी आहे त्याला काम मिळते. बौद्ध पद्धतीच्या विवाहात तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांसमोर त्रिसरण-पंचशील होते, वधूवर बहुधा पांढऱ्या वेशात असतात, प्रतिज्ञा घेतात, हार घालतात आणि विधी अर्ध्या तासातही आटोपतो. पांढऱ्या कपड्यांमुळे प्रकाशाचा अंदाज चुकण्याची शक्यता अधिक. दोघांना एकत्र शांतपणे टिपायला मात्र ही पद्धत सर्वांत सोपी, कारण ती सुरुवातीपासून शेजारी उभी असतात.

जोडप्याचे वेगळे फोटो, म्हणजे लग्नाआधीचे प्री-वेडिंग किंवा लग्नानंतरच्या संध्याकाळचे, यांसाठी पुण्या-मुंबईची मंडळीही कर्दे, लाडघर, बुरोंडीकडे येतात. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळी सूर्य डोंगरामागून उशिरा वर येतो, वाळूवर बराच वेळ मऊ सावली राहते आणि त्या वेळी किनाऱ्यावर माणूसही नसतो. तरी सगळ्यांना हवा असतो तो सूर्यास्त. मे महिन्यात तो सातच्या सुमारास होतो. पण त्या वेळी वाळू किती उघडी असेल हे तिथीवर अवलंबून. इथल्या जुन्या लोकांचा हिशेब असा की, पक्षातली तिथी पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी काठापर्यंत. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे दुपारच्या आधी भरती आणि तिथून सहा तासांनी, नेमकी सूर्यास्ताच्या अलीकडे, ओहोटी. ओहोटीच्या संध्याकाळी ओली वाळू आरशासारखी पसरते आणि आकाशाचा रंग तिच्यात उतरतो. मुहूर्तासाठी उघडलेल्या पंचांगातूनच पाण्याची वेळही काढता येते. मोबाइलवर भरती-ओहोटी आता आयती मिळते, हेही खरे.

सूर्यास्ताच्या या अर्ध्या तासात बोलणे कमी आणि काम जास्त द्यावे. साखरपुडा नुकताच झालेली दोघे, मागे कठड्यावर बसलेली तिची धाकटी बहीण आणि त्याचा मित्र, दूर जाळी आवरत बसलेली माणसे. अशा वेळी ‘जवळ या, डोळ्यांत बघा, कपाळाला कपाळ लावा’ म्हटले की दोघांचे खांदे आखडतात. सिनेमातली पोज त्यांच्या अंगावर दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखी दिसते. त्यापेक्षा त्यांना चालायला लावावे, पाण्याच्या रेषेला धरून, आपल्याकडे पाठ करून. वारा पदर उडवतो, ती तो सावरते, त्याच्या हातात तिच्या चपला येतात, एखादी लाट अंदाजापेक्षा पुढे येते आणि दोघे एकदम मागे उडी मारतात. त्या उडीत हात धरला जातो. कोणी सांगितलेला नसतो. फोटोग्राफरने त्या वेळी लांब भिंग लावून वीस पावले मागे असावे आणि ‘वा, मस्त’ म्हणून ओरडू नये. स्पर्श किती चालेल हे घर ठरवते आणि घरापेक्षाही त्या दोघांतले जे जास्त लाजरे असेल ते. तिने एकदा हात मागे घेतला तर तोच हात परत मागायचा नसतो. हे फोटो सासरची माणसेही पाहणार आहेत याची जाणीव तिला असते, आणि फोटोग्राफरला तिच्याएवढीच असली पाहिजे.

ड्रोनचा आग्रह आता प्रत्येक बोलणीत होतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतची यंत्रे सर्वांत हलक्या, ‘नॅनो’ वर्गात मोडतात. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर प्रमाणपत्रधारक चालक लागतो, आणि हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रातही सर्वसाधारण मर्यादा १२० मीटर उंचीची आहे. नियमांपेक्षा मोठा प्रश्न आवाजाचा. मंगलाष्टकांवर घोंघावणारा ड्रोन म्हणजे लग्नात शिरलेला भुंगा. तो वरातीसाठी आणि किनाऱ्यासाठी ठेवावा.

लग्न झाल्यावर काम संपत नाही, फक्त दिसेनासे होते. त्याच रात्री कार्डांवरचा डेटा दोन वेगळ्या डिस्कवर उतरवणे, निवडीसाठी चित्रे पाठवणे, अल्बमची मांडणी, व्हिडिओचे ‘मिक्सिंग’, आणि मग जाड पानांचा ‘करिझ्मा’ अल्बम. विलंब बहुतेक वेळा निवडीत होतो. नवे जोडपे मुंबईला गेलेले असते, निवड वरमाईला करायची असते, आणि तिला आपल्या माहेरची माणसे एकही गाळायची नसतात. यावर चांगला तोडगा म्हणजे निवड दोन भागांत मागणे: कुटुंबाची पाने घरच्यांनी ठरवायची, जोडप्याची पाने जोडप्याने.

हक्कांचा मुद्दा पुष्कळांना ठाऊक नसतो. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन ज्याच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले गेले तो त्याचा प्रथम मालक ठरतो. म्हणजे फोटोग्राफर नव्हे. आणि शब्दशः पाहिले तर बुरोंडीत अनेकदा वधूवरही नव्हेत, कारण विसार काकाने दिलेला असतो. अशा प्रश्नावर कोणी कोर्टात जात नाही, पण स्टुडिओच्या पानावर जाहिरातीसाठी फोटो टाकताना ‘आमचेच काम आहे’ एवढे कारण पुरत नाही, हे त्यातून कळते. परवानगी घ्यायची ती काकाची आणि जोडप्याची, दोघांचीही, आणि चिठ्ठीवर का होईना पण लेखी. न वापरलेली मूळ चित्रे द्यायची की नाही, डेटा किती महिने जपायचा, हेही त्याच चिठ्ठीवर आलेले बरे.

कायद्याला लागणारा फोटो मात्र वेगळाच. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाप्रमाणे विवाहनोंदणी होते आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वच विवाहांच्या नोंदणीसाठी राज्यांना निर्देश दिले. ग्रामपंचायतीत अर्ज देताना लग्नपत्रिका आणि साक्षीदारांबरोबर लग्नातला एक फोटोही जोडतात. तो कँडिड चालत नाही. दोघांचे चेहरे समोरून, गळ्यात हार, डोळे उघडे. परदेशी नोकरीवर असलेल्या नवऱ्याकडे जाण्याच्या व्हिसासाठी नोंदणीचा दाखला घाईने लागतो, म्हणून जाणता फोटोग्राफर स्टेजवर असताना असा एक सरळसोट फोटो घेऊन ठेवतो आणि दुसऱ्याच दिवशी छापून देतो. स्टुडिओतल्या खुर्चीवरच्या जुन्या जोडप्याशी या फोटोचे नाते सर्वांत जवळचे आहे.

राहिला प्रश्न टिकण्याचा. खारा वारा आणि पावसाळी दमट हवा कॅमेऱ्याला आणि अल्बमला सारखीच मारक. भिंगात बुरशीचे जाळे पसरते, वातानुकूलित गाडीतून एकदम किनाऱ्यावर उतरले की काचेवर बाष्प धरते, आणि चकचकीत पाने जूनमध्ये एकमेकांना चिकटतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यातल्या असंख्य घरांची छपरे उडाली. तेव्हा भिजलेल्या गोष्टींत अल्बमही होते. म्हणून अल्बम देताना त्याची एक प्रत डिजिटल स्वरूपात, शक्यतो दोन ठिकाणी, मुंबईच्या घरी आणि गावच्या घरी, ठेवायला सांगावे. छापील अल्बम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, आत ओल कोंडते. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात तो आडवा ठेवावा आणि दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की पाने उलगडून सावलीत वारा द्यावा.